उपयोगिता प्रमाणपत्र

गटाचे नाव : बोडीमाय महिला मच्छी गट, मु. कवडीटोला.
पहिला हप्ता, रुपये दोन लाख पाच हजार, मिळाला.
मिळाल्याचा पुरावा म्हणाल तर
तालुक्याच्या सभागृहात अकरा गटांना मंचावर बोलावले,
मोहफुलवाल्या, पोह्याच्या गिरणीवाल्या, वाचनालयाची चार पोरे,
आणि प्रत्येकाच्या हाती दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक दिला.
आमचा काळीपिवळीत मावेना.
टपावर टाकला. इंदूताई चाचेरेने
खिडकीतून हात काढून सव्वीस किलोमीटर धरून ठेवला.
खरा पैसा नंतर आला, गुपचूप, फोनवर टिंग वाजून.
पुठ्ठा आता द्वारकाच्या खुराड्याला दार आहे.
'अक्षय ऊर्जा निधी' एवढे अजून वाचता येते,
आकडा कोंबड्यांनी टोचून खाल्ला.

रकाना चार. कामाची सद्यस्थिती.
मामा तलावाच्या पाळीवर सहा प्लेटा, तोंड दक्षिणेला.
खाली खोलीत पांढरी पेटी.
पारबता आजी दिवसातून एकदा झाकण उचलते,
गार वाफ तोंडावर घेते, पुन्हा मिटते.
"ऊन आत जाते न् बर्फ बाहेर येते,
मंग माह्या चुलीतून काऊन धूरच निंगते?"
याचे उत्तर कुणाला आले नाही.
कुठल्या रकान्यात लिहावे तेही नाही.

रकाना पाच. पूर्वीची स्थिती.
मरळीचा डोळा हेच आमचे घड्याळ होते.
पहाटे काळाभोर, नऊला धुरकट,
अकराला पांढरा पडला की साकोलीचा दलाल
मोटारसायकल बंद न करताच भाव सांगायचा.
आम्ही माशांच्या डोळ्यांकडे बघायचो, तो आमच्या.
आता तो गाडी बंद करतो.
बाकी फार बदलले असे नाही.
पाणी मागतो. एकदा म्हणाला, ताई, जरा समजून घ्या.

रकाना सहा. किती कार्बन वाचला?
यावर तीन बैठका झाल्या.
शकुन म्हणाली, शून्य लिही,
आपण जाळतच काय होतो, रॉकेलची एक चिमणी.
माझ्या लेकीने मोबाईलवरून आकडा काढून दिला,
दशांशासकट.
त्यावर माझी सही आहे. विश्वास नाही.

रकाना आठ. उद्दिष्टाबाहेर वापर झाला काय? होय / नाही.
नवतप्यात वादळ आले, खांब पडले,
उपकेंद्राची लाईन अडीच दिवस गेली.
नर्सबाई भोंडेकर स्कूटीवर आल्या,
पायाशी रिकामा निळा डबा,
पिशवीत बर्फाच्या विटा, पाणी झालेल्या.
बुधवारी लसीकरण, म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत.
आम्ही रोहू-कतला बाहेर काढला, तीस किलो.
मिळेल त्या भावाने विकला, उरला तो टोलीत वाटला.
पेटी मिठाच्या पाण्याने दोनदा धुतली
आणि त्यांच्या विटा आत गोठायला ठेवल्या.
त्या रात्री कुणी घरी गेले नाही.
काम काहीच नव्हते, बर्फ आपला आपण होतो,
तरी बसलो.
चौदा लेकरांच्या मांडीत सुई गेली.
त्यात एक माझी नात. रडली, मग झोपली.
डब्याला मच्छीचा वास लागल्याबद्दल
वरून त्यांना पत्र आले आहे, त्याची प्रत सोबत जोडली.
आमचे नुकसान दोन हजार सातशे.

होय आणि नाही, यातले एक खोडायचे आहे.
काल रात्री गटाने एक ठरवले,
सकाळी चहाच्या वेळी दुसरे.
मी पाळीवर जाऊन आले.
प्लेटांवर बगळ्यांनी घाण केली होती,
ओल्या फडक्याने पुसली. या मजुरीला रकाना नाही.
परतले तर पारबता आजी
अंगठ्याला शाई लावून केव्हाची बसलेली.
"कोठी उठवू?"
थांब म्हटले, आजी.
शाई वाळली. तिने पुन्हा बुडवली.